चार ओपनिंग, एकच प्यादं: पांढऱ्याची आटोपशीर तयारी

बुद्धिबळात पांढऱ्याने ई४ खेळलं, म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे नेलं, की काळ्यापुढे नियमात बसणाऱ्या २० चाली असतात. त्यांतल्या सात-आठच प्रत्यक्षात समोर येतात, पण तेवढ्याही पुरून उरतात. ई५, सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान, स्कँडिनेव्हियन, पिर्क, अलेखाइन. प्रत्येकीवर जाडजूड पुस्तकं आहेत आणि प्रत्येकीचे तासातासाचे व्हिडिओ आहेत.

मग होतं असं: एका आठवड्यात ओपन सिसिलियन बघितलं जातं, पुढच्या आठवड्यात फ्रेंचविरुद्ध ई५ रेटण्याची पद्धत, त्यानंतर कोणीतरी सुचवलेला गॅम्बिट, म्हणजे प्यादं बळी देण्याची सुरुवात. वर्षभराने प्रत्येक ओपनिंगच्या सात-आठ चाली येतात आणि नववी चाल एकाही ओपनिंगची येत नाही. दोष स्मरणशक्तीचा नाही. ओपन सिसिलियनमध्ये दोन्ही बाजू एकमेकांच्या राजावर तुटून पडतात. फ्रेंचमध्ये ई५ रेटलं की पटाचा मध्य बंद होतो आणि खेळ कडेच्या प्याद्यांवर जातो. एका ठिकाणी कमावलेली समज दुसरीकडे उपयोगी पडत नाही, म्हणून प्रत्येक खातं शून्यापासून उघडावं लागतं.

तयारीचं ओझं चालींच्या संख्येने फार वाढत नाही. ते वाढतं प्याद्यांच्या निरनिराळ्या रचनांमुळे. म्हणून ओपनिंग निवडताना नाव बघू नये. दहा-बारा चालींनंतर प्यादी कुठे उभी राहतात ते बघावं. चार मोठ्या उत्तरांविरुद्ध जर प्यादी जवळजवळ एकाच आकारात बसत असतील, तर एका डावात शिकलेलं उरलेल्या तिन्हींना लागू पडतं. ई४ खेळणाऱ्याला अशी निवड करता येते. तिचा कणा म्हणजे डी४वरचं एकटं प्यादं.

वाचण्याआधी खुणा: घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा. नुसतं घर लिहिलं असेल तर ती प्याद्याची चाल. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग. आकड्यापुढे तीन टिंबं (२...) असतील तर ती काळ्याची चाल. ! चांगली चाल, ? चूक, ?? घोडचूक. पट मांडून वाचा.

एकटं प्यादं म्हणजे काय

पांढऱ्याचं प्यादं डी४वर आहे, आणि त्याच्या दोन्ही शेजारची सी आणि ई प्यादी मारामारीत गेलेली आहेत. आता डी४ला दुसऱ्या प्याद्याचा आधार मिळू शकत नाही. खेळाडू याला आयक्यूपी (आयसोलेटेड क्वीन्स पॉन) म्हणतात. पुस्तकात हे दुबळेपणाचं उदाहरण म्हणून छापतात, आणि ते अर्धंच खरं आहे.

फायदा बघा. हे प्यादं ई५ आणि सी५ ही दोन घरं धरून ठेवतं. ई५वर घोडा बसला की काळ्याच्या राजाला झोप लागत नाही. सी आणि ई या उभ्या ओळींवर पांढऱ्याचं स्वतःचं प्यादं नसतं, म्हणून हत्तींना वाट मिळते. दोन्ही उंटांचे कर्ण उघडे असतात. थोडक्यात, पांढऱ्याच्या मोहऱ्यांना हातपाय पसरायला जागा असते.

तोटाही तितकाच ठोस आहे. डी४च्या समोरचं डी५ हे घर काळ्याचं होतं, कारण तिथून त्याचा घोडा हुसकायला पांढऱ्याकडे प्यादंच नाही. आणि मोहरे जसजसे कमी होतात तसतसा हल्ला विरतो आणि दुबळं प्यादं तेवढं उरतं. म्हणून या रचनेतला पहिला नियम: हलके मोहरे, म्हणजे घोडे आणि उंट, विनाकारण मारू नयेत. हल्ली ऑनलाइन खेळणाऱ्यांना समोर आलेला मोहरा मारायची इतकी सवय असते की डाव नेमका इथेच जातो. पंधराव्या चालीपर्यंत तीन हलके मोहरे गेले, तर काळ्याला खास काही करावं लागत नाही. तो हत्ती डी ओळीवर आणतो आणि वाट बघतो.

पांढऱ्याची मांडणी साधारण ठरलेली असते: घो-सी३, घो-एफ३, उं-डी३, ०-०, ह-ई१, मग ए३. हे ए३ नवख्याला फुकटची चाल वाटते. ते नसेल तर काळ्याचा घोडा बी४वर येऊन डी३च्या उंटाला हुसकतो आणि तिथून डी५ गाठतो. ए३नंतर उंट सी२ला, वजीर डी३ला. आता दोघं मिळून एच७वर रोखलेले असतात. दुसरा उंट जी५ला येऊन एफ६च्या घोड्यावर दाब टाकतो, कारण एच७ राखणारा तोच आहे. काळ्याने जी६ खेळून हे बंद केलं, तर त्याच्या राजाभोवतीची काळी घरं भुसभुशीत होतात आणि पांढऱ्याचा उंट एच६वर जाऊन बसतो.

दुसरं हत्यार म्हणजे डी५. एकटं प्यादं स्वतःहून पुढे जातं आणि अडलेले सगळे मोहरे एकदम मोकळे होतात. नेहमीचा नमुना असा: काळ्याने बी६, उं-बी७ करून मांडणी पूर्ण केली आहे, पण त्याचा ई७चा उंट आणि पांढऱ्याचा ई१चा हत्ती एकाच ओळीवर आहेत. डी५! ई×डी५, मग उं-जी५. आता एफ६चा घोडा मारून वजीर एच७वर घुसण्याची धमकी आहे. काळा जी६ खेळला, तर ह×ई७! आणि व×ई७ला घो×डी५. एफ६चा घोडा वजिरामुळे बांधला गेलेला (हलला तर मागचा वजीर जातो) असल्यामुळे काळ्याचं घर कोसळतं. हा नमुना पटावर चार-पाच वेळा हाताने मांडा. तो डोळ्यात बसला की डावात आपोआप दिसतो.

डी५ कधी रेटू नये, तेही तितकंच महत्त्वाचं. काळ्याचा घोडा आधीच डी५वर बसलेला असेल तर प्रश्नच मिटला. तो नसेल तर मोजा: डी५वर तुमचे मारणारे किती, त्याचे किती. तुमचे निदान तितकेच असतील आणि तुमचे हत्ती ओळींवर आलेले असतील, तरच. ए१चा हत्ती अजून कोपऱ्यात असताना डी५ रेटलं, तर सगळी मारामारी होऊन डाव बरोबरीकडे घसरतो.

सिसिलियन: सी३

१. ई४ सी५ २. सी३. या पद्धतीला अलापिन म्हणतात. हेतू सरळ आहे: डी४ खेळायचं, आणि काळ्याने मारलं तर सी प्याद्याने परत मारायचं. किंमत अशी की घोड्याचं सी३ हे घर प्याद्याने अडवलं आहे, त्यामुळे ई४ राखायला घोडा येऊ शकत नाही. काळ्याची दोन्ही चांगली उत्तरं नेमक्या याच गोष्टीचा फायदा घेतात.

पहिलं, २... डी५ ३. ई×डी५ व×डी५ ४. डी४ घो-एफ६ ५. घो-एफ३ ई६ ६. उं-डी३ घो-सी६ ७. ०-० सी×डी४ ८. सी×डी४. झालं एकटं प्यादं, आणि आता सी३ मोकळं झाल्यामुळे घो-सी३ वजिराला हुसकत बाहेर येतो. इथे डी४वर काळ्याचा वजीर आणि घोडा असे दोघं रोखलेले दिसतात आणि पांढऱ्याचा फक्त एफ३चा घोडा. म्हणून कित्येक जण घाबरून उंट मागे घेतात. गरज नाही. ८... घो×डी४? ९. घो×डी४ व×डी४ १०. उं-बी५+ आणि शहाआड काळ्याचा वजीर गेला. काळ्याचा राजा ई८वर असेपर्यंत ही युक्ती चालते. त्याने कॅसलिंग केलं की चालत नाही, तेव्हा डी४ची राखण मोजूनच करा.

काळ्याने पाचव्या चालीला उं-जी४ केलं तर उंट डी३ऐवजी ई२ला ठेवा. एफ३चा घोडा बांधला गेलेला असताना त्याच्या मागे उंट असणं सोयीचं पडतं. मग एच३, ०-०, उं-ई३.

तिसऱ्या चालीला ई५ रेटण्याचा मोह टाळा. काळा घो-सी६, उं-एफ५ करतो, आणि फ्रेंचमध्ये आयुष्यभर कोंडला जाणारा त्याचा उंट इथे फुकट बाहेर पडतो.

दुसरं उत्तर, २... घो-एफ६ ३. ई५ घो-डी५ ४. डी४ सी×डी४ ५. सी×डी४ डी६ ६. घो-एफ३ घो-सी६ ७. उं-सी४ घो-बी६ ८. उं-बी५ डी×ई५ ९. घो×ई५ उं-डी७. प्यादी बघा: पांढऱ्याचं सी गेलं, ई गेलं, डी४ एकटं उरलं. वाट निराळी, पोचलो त्याच ठिकाणी. आठव्या चालीचं उं-बी५ विसरू नका. तोच उंट दुसऱ्यांदा हलवायचा म्हणून ते वेळ घालवल्यासारखं दिसतं, पण सी६चा घोडा बांधून ठेवल्यामुळे ई५वरचा दाब सैल होतो.

२... डी६ ३. डी४ घो-एफ६ ही उत्तरं देणारे वरचेवर भेटतात. शांतपणे ४. उं-डी३ पुरेसं आहे. ४. डी×सी५ मध्ये सापळा आहे: ४... घो×ई४?? ५. व-ए४+ आणि घोडा गेला. मात्र काळा घो-सी६ खेळला की सापळा संपतो आणि ई४ राखायला एफ३ खेळावं लागतं. सापळ्यासाठी अवघडलेली मांडणी घ्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. आमचं मत: घेऊ नये.

कारो-कान: पनोव

१. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई×डी५ सी×डी५ ४. सी४. वासिली पनोव आणि मिखाइल बोत्विनिक या दोन सोव्हिएत खेळाडूंच्या नावाने ओळखला जाणारा हा हल्ला आहे. पुढे ४... घो-एफ६ ५. घो-सी३ ई६ ६. घो-एफ३ उं-ई७ ७. सी×डी५ घो×डी५ ८. उं-डी३ घो-सी६ ९. ०-० ०-० १०. ह-ई१. सिसिलियनमधलीच रचना, हवं तर दोन्ही पट शेजारी ठेवून बघा. काळ्याने सहाव्या चालीला उं-बी४ केलं तर ७. सी×डी५ घो×डी५ ८. उं-डी२, बाकी मांडणी तीच.

५... जी६ला उत्तर वेगळं आहे: ६. व-बी३ उं-जी७ ७. सी×डी५ ०-० ८. उं-ई२ घो-बी-डी७ ९. उं-एफ३ घो-बी६ १०. घो-जी-ई२. डी५चं जादा प्यादं काळा परत मागणार. ते राखण्यासाठीच उंट एफ३ला आणि घोडा ई२ला जातो. सवयीने घोडा एफ३ला आला की उंटाचा रस्ता बंद होतो आणि प्यादंही जातं.

सगळ्या तयारीत पाठांतराला पर्याय नाही अशी एकच जागा आहे: ५... घो-सी६ ६. घो-एफ३ उं-जी४. इथून ७. सी×डी५ घो×डी५ ८. व-बी३ उं×एफ३ ९. जी×एफ३ ई६ १०. व×बी७ घो×डी४ ११. उं-बी५+ घो×बी५ १२. व-सी६+ रा-ई७ १३. व×बी५. दोन्हीकडे पाच-पाच प्यादी. पांढऱ्याची एफ ओळीवर दोन अडकलेली आहेत, पण काळ्याचा राजा मध्यात उघडा आहे. मधली एक चाल जरी उलटसुलट झाली तरी डाव हातचा जातो. या तेरा चाली घोकून ठेवा. क्लबमध्ये वर्षातून एकदा येतील, पण येतील तेव्हा दुसरा उपाय नसतो.

फ्रेंच: एक्स्चेंज, पण सी४सह

फ्रेंच एक्स्चेंज म्हटलं की बरोबरी मागायला आला, असं समजतात. नुसतं १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई×डी५ ई×डी५ ४. घो-एफ३ खेळलं तर आरशात बघितल्यासारखी स्थिती येते, हे खरं. ४. सी४ने आरसा फुटतो. काळ्याने डी×सी४ केलं की उं×सी४ आणि प्यादं पुन्हा एकटं. नाही केलं तर घो-सी३, घो-एफ३ आणि सोयीच्या वेळी सी×डी५. बारकावा एवढाच: उंट एफ१वरून लगेच हलवू नका. तो डी३ला गेल्यावर काळ्याने सी४चं प्यादं मारलं तर उंटाला दुसरी चाल खर्चावी लागते. आधी दोन्ही घोडे काढा.

ई५: इटालियन

१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ उं-सी५ ४. सी३ घो-एफ६ ५. डी४ ई×डी४ ६. सी×डी४ उं-बी४+ ७. उं-डी२ उं×डी२+ ८. घो-बी×डी२ डी५ ९. ई×डी५ घो×डी५ १०. ०-०. शतकांपूर्वीची वाट आहे आणि काळ्याने बरोबर खेळलं तर समतोल आहे. क्लबच्या पातळीवर समतोल म्हणजे कोणीही जिंकू शकतं.

वाटेतले दोन चुकीचे फाटे माहीत हवेत. ६... उं-बी६? ७. डी५ घो-ए५ ८. उं-डी३, आणि आता बी४ आलं की ए५चा घोडा कोंडून मरतो. दुसरा, ७... घो×ई४ ८. उं×बी४ घो×बी४ ९. उं×एफ७+ रा×एफ७ १०. व-बी३+ आणि बी४चा घोडा परत मिळतो. काळ्याचा राजा मात्र आता कॅसलिंग करू शकत नाही.

ऑनलाइन ३... घो-डी४ खेळणारे खूप भेटतात. ई५चं प्यादं उघडं दिसतं. मारू नका: ४. घो×ई५? व-जी५ ५. घो×एफ७ व×जी२ ६. ह-एफ१ व×ई४+ ७. उं-ई२ घो-एफ३ मात. ४. घो×डी४ ई×डी४ ५. ०-० एवढं केलं की काळ्याकडे फक्त एक अडकलेलं प्यादं राहतं.

३... घो-एफ६ला मात्र या कुटुंबात चांगलं उत्तर नाही. ४. घो-जी५ धारदार आहे, पण त्याच्या मागे पाठांतराचा डोंगर आहे. ४. डी३ घ्या, मग सी३, ०-०, ह-ई१, आणि बी१चा घोडा डी२, एफ१ करत जी३ला. संथ पण भक्कम. कोणाला हीच मांडणी ३... उं-सी५विरुद्धही ठेवावीशी वाटली तर चुकीचं काही नाही. पाठांतर आणखी कमी होईल, फक्त एकट्या प्याद्याचा सराव तेवढा कमी मिळेल.

भावंडं, जुळी नव्हेत

चारही ठिकाणी पांढऱ्याची प्यादी तीच, पण काळ्याची दोन प्रकारची असतात. सिसिलियन आणि कारो-कानमध्ये काळ्याचं सी प्यादं गेलेलं असतं आणि ई६ शिल्लक असतं. फ्रेंच आणि इटालियनमध्ये उलट: ई गेलेलं, सी शिल्लक.

फरक पडतो. ई६ असेल तर काळ्याचा सी८चा उंट कोंडलेला असतो, म्हणून तो बी६ करून बी७ला नेतो. पांढऱ्याची डी५ची फोड आणि एच७वरचा मारा या प्रकारात सगळ्यात धारदार. सी प्यादं शिल्लक असेल तर काळा सी६ खेळून डी५ पक्कं करतो, त्यामुळे ती फोड क्वचित जमते. ई ओळ दोघांना उघडी असल्यामुळे हत्ती तिथे एकमेकांना भिडतात आणि मारामारी लवकर होते. इथे पांढऱ्याने एफ७कडे बघावं: उंट सी४-बी३ कर्णावर, वजीर बी३, घोडा ई५. वजीर-उंटाची बॅटरी एच७वर लावायची की एफ७वर, हे डावाच्या दहाव्या चालीला काळ्याच्या ई६कडे एक नजर टाकून ठरवता येतं.

अभ्यासाला दोन डाव पुरतात. बोत्विनिक विरुद्ध विदमार, नॉटिंगहॅम १९३६: एकटं प्यादं असताना पांढरा घोडा ई५वर कसा बसवतो आणि २०व्या चालीला तो एफ७वर कसा झोकून देतो ते बघायला. आणि कोर्चनॉय विरुद्ध कार्पोव्ह, मेरानो १९८१च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला नववा डाव: हलके मोहरे एकेक करून उतरल्यावर तेच प्यादं कसं फाशी जातं ते बघायला. दुसरा डाव पांढऱ्याकडून खेळणाऱ्याने जास्त वेळा बघावा.

उरलेली उत्तरं, थोडक्यात

स्कँडिनेव्हियनमध्ये एक गंमत आहे. १. ई४ डी५ २. ई×डी५ घो-एफ६ला ३. सी४ खेळा. ३... सी६ला प्यादं खाऊन हावरटपणा न करता ४. डी४ सी×डी५ ५. घो-सी३ केलं की हाच पनोव. ३... ई६ला पुन्हा ४. डी४ ई×डी५, आणि ही आपली फ्रेंच एक्स्चेंज. दोन्हींसाठी नवीन काही शिकायचं नाही. २... व×डी५ला मात्र ३. घो-सी३ व-ए५ ४. डी४ घो-एफ६ ५. घो-एफ३ उं-एफ५ ६. उं-सी४, मग उं-डी२. ए५च्या वजिराला घोड्याच्या आडून धमकी राहते.

पेट्रॉफ, म्हणजे १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-एफ६, याला ३. घो×ई५. काळ्याने लगेच ३... घो×ई४? केलं तर ४. व-ई२, आणि घोडा पळाला की ५. घो-सी६+ वजीर घेऊन जातो. बरोबर क्रम ३... डी६ ४. घो-एफ३ घो×ई४ ५. डी४ डी५ ६. उं-डी३, नंतर ०-० आणि सी४.

फिलिडॉरला (१. ई४ ई५ २. घो-एफ३ डी६) डी४. पिर्कला (१... डी६) डी४, घो-सी३, घो-एफ३, उं-ई२, ०-०. अलेखाइनला १. ई४ घो-एफ६ २. ई५ घो-डी५ ३. डी४ डी६ ४. घो-एफ३, उं-ई२, ०-०. या तिघांविरुद्ध काळ्याला चिरडायला जाऊ नये. मध्य आपल्याकडे आहे, मोहरे बाहेर आहेत, एवढ्यावर खेळावं.

लंडन का नको?

विचारणारे विचारतातच. लंडन म्हणजे डी४, उं-एफ४, ई३, सी३, घो-एफ३, उं-डी३, घो-बी-डी२: कुठल्याही उत्तराला हीच मांडणी. पाठांतर सर्वांत कमी आणि मोठमोठे खेळाडूही ती खेळतात. आठवड्याला दोन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर लंडनच घ्या.

पण समोरच्याकडे न बघता चाली लावण्याची सवय तिथे लागते. काळा सी५, व-बी६ करून बी२ मागतो, घो-एच५ करून एफ४चा उंट मागतो, जी६ करून डी३च्या उंटासमोर भिंत उभारतो. या तिन्हींना वेगळं उत्तर लागतं, आणि "सगळ्याला एकच" हे वचन तिथे मोडतं. शाळकरी मुलांना तर आम्ही पहिली दोन-तीन वर्षं ई४च देऊ. उघड्या पटावर मोहरे कसे पळतात हे आधी कळलं पाहिजे.

ई४ आणि डी४ दोन्ही ठेवावेत का? ई४साठी ओळखला जाणारा आनंद २००८च्या बॉनमधल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात क्रॅमनिकविरुद्ध डी४ खेळला, हे खरं. त्यामागे महिनोन्‌महिने राबणारा चमू होता. १८०० रेटिंगच्या आतल्या खेळाडूला एका पहिल्या चालीवर दोन वर्षं काढली तर जास्त लाभ होतो.

वही आणि सराव

हे सगळं एका ए४ कागदाच्या दोन बाजूंवर मावायला हवं. चार मोठ्या शाखांना प्रत्येकी आठ ते दहा चाली, बारक्यांना चार-पाच. प्रत्येक शाखेपुढे तीन गोष्टी लिहा: कुठली चाल विसरली तर नुकसान होतं, मधल्या डावात काय करायचं, आणि काळ्याची नेहमीची चूक. कारण न लिहिता नुसती चाल लिहिली तर ती महिनाभरात पुसली जाते. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर स्टडी (चालींची ऑनलाइन वही) बनवली तरी चालेल, पण एकदा हाताने लिहाच.

क्रमही महत्त्वाचा. लिचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये रेटिंगचा गट आणि वेळेचा प्रकार निवडता येतो. आपल्या रेटिंगचा गट लावा, ई४ खेळा, आणि कुठलं उत्तर किती टक्के येतं ते बघा. जे जास्त येतं ते आधी. बहुतेकांच्या बाबतीत पहिले दोन आठवडे ई५ आणि सिसिलियनलाच द्यावे लागतात. मास्टर खेळाडूंचा विभाग लावून बसलात तर तुमच्या क्लबात कधी न दिसणाऱ्या फाट्यांवर वेळ जाईल.

सराव १५ मिनिटं अधिक प्रत्येक चालीला १० सेकंद, अशा डावांत करा. तीन मिनिटांच्या डावात बोटं चालतात, रचना दिसत नाही. डाव संपल्यावर इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, लगेच लावू नका. आधी कागद काढा आणि बघा: कागदाबाहेर पहिल्यांदा कोण गेलं, तुम्ही की समोरचा? तुम्ही गेला असाल तर ती चाल अधोरेखित करा. समोरचा गेला असेल तर इंजिनला फक्त त्या एका चालीचं उत्तर विचारा. इंजिनने ०.३ प्याद्याची आघाडी दाखवली की ०.१, यावर ओपनिंग बदलणं हा शुद्ध वेडेपणा आहे. त्या फरकाचा निकाल तिसाव्या चालीच्या घोडचुकीपुढे काहीच नसतो.

नवीन चाल कागदावर चढवण्याचा नियम कडक ठेवा: तोच फाटा दोनदा समोर आला तरच. आणि दोन्ही बाजू भरल्यानंतर नवीन ओळ लिहायची असेल, तर आधी एक जुनी ओळ खोडा.